वाचक विचारतात : मोजणी, हद्द आणि मोजणीदाराची सही

प्रश्न : माझ्या भूखंडाची पाच वर्षांच्या अंतराने दोनदा मोजणी झाली. दोन्ही मोजणीदार अनुभवी होते आणि दोघांकडेही आधुनिक यंत्रे होती. तरीही मागच्या कोपऱ्याची खूण दुसऱ्या मोजणीत ६० सेंटीमीटर आत आली. यातली कोणती मोजणी चुकली असे समजावे?

उत्तर : मोजणी चुकली हे तुम्ही गृहीत धरले आहे, आणि बहुधा तेच खरे नसावे. आजचे साधारण टोटल स्टेशन, म्हणजे कोन व अंतर दोन्ही मोजणारे यंत्र, दोनशे मीटरवरच्या बिंदूची दिशा दोन विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) वाचते, म्हणजे आडवी चूक जेमतेम २ मिलिमीटर होते. अंतरातली चूकही दोन-तीन मिलिमीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. एकाच खुणेपासून निघालेले दोन सावध मोजणीदार ६० सेंटीमीटरनी वेगळे पडणे म्हणूनच जवळपास अशक्य आहे. फरक यंत्रात नसून कोणी कोणता पुरावा ग्राह्य धरला यात आहे.

असा फरक नेमका कसा पडतो ते पाहा. जुन्या नोंदी ज्या साखळीने झाल्या ती पुष्कळ ठिकाणी एडमंड गुंटर याने १६२० मध्ये रूढ केलेली ६६ फुटी, शंभर कड्यांची साखळी होती. मीटरमध्ये ती २०.१२ भरते. कडी आणि त्यांना जोडणाऱ्या रिंगा सतत घासत राहिल्याने वापरात ही साखळी लांबत जाई. समजा, तुमची हद्द आखली गेली त्या दिवशी साखळी ६ सेंटीमीटरने लांबलेली होती आणि मागची बाजू पुढच्या रस्त्यापासून बरोबर दहा साखळ्यांवर आहे अशी नोंद झाली. कागदावर ते अंतर २०१.१७ मीटर झाले, पण दगड प्रत्यक्षात रोवला गेला तो २०१.७७ मीटरवर. पुढे शंभर वर्षांनी कोणी निर्दोष यंत्र घेऊन आला, दगड न शोधता रस्त्यापासून २०१.१७ मीटर मोजून त्याने नवी खूण ठोकली, तर ती ६० सेंटीमीटर आत येणार. त्याचे माप अगदी बरोबर आहे आणि खूण मात्र चुकीच्या जागी आहे.

कायदे देशागणिक वेगळे असले तरी मूळ हद्दीचा शोध घेताना पुराव्यांचा एक क्रम पुष्कळ ठिकाणी मानला जातो. आधी नदी, खडक यांसारख्या नैसर्गिक खुणा, मग आखणीच्या वेळी माणसाने रोवलेल्या खुणा, त्यानंतर लगतच्या जमिनींच्या निश्चित हद्दी, मग नोंदवलेल्या दिशा व अंतरे आणि सर्वांत शेवटी क्षेत्रफळ. ज्या गोष्टीबद्दल त्या काळच्या लोकांची फसगत होण्याची शक्यता सर्वांत कमी तिला सर्वांत जास्त वजन, हा त्यामागचा विचार आहे. दोघांनी मिळून दगड रोवताना कोणाची फसगत होत नाही, पण साखळ्या मोजताना एखादी गळू शकते आणि क्षेत्रफळ काढताना तर बेरीजही चुकते. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी एकोणिसाव्या शतकातच मोजणीदारांना बजावले होते की खुणा कोठे असायला हव्या होत्या हे ठरवणे त्यांचे काम नसून त्या कोठे होत्या हे शोधणे आहे. नवे यंत्र हाती आलेल्या प्रत्येक पिढीला हे पुन्हा सांगावे लागते, असा माझा अनुभव आहे.

अर्थात हा क्रम डोळे मिटून लावायचा नसतो. नांगराने किंवा रस्त्याच्या कामात हललेला दगड हा पुरावा राहत नाही. लाकडी खुंट कुजून नाहीसा झाला तरी त्या जागी मातीचा रंग काळपट राहतो, आणि थर हलक्या हाताने खरवडत गेले तर खुंटाचा चौकोन स्पष्ट दिसू शकतो. फावड्याच्या एका घावात मात्र तो कायमचा जातो. ही तासाभराची मेहनत ज्याने घेतली त्याच्या मोजणीला मी अधिक किंमत देईन, मग त्याचे यंत्र दहा वर्षांपूर्वीचे का असेना.

तुम्ही दोघांकडूनही लेखी अहवाल मागवा आणि त्यात तीन गोष्टी शोधा : कोणत्या खुणा सापडल्या, कोणत्या नाकारल्या आणि का नाकारल्या. पहिल्याने ठोकलेली खूण दुसऱ्याला दिसली असणारच. तिचा उल्लेखही न करता शेजारी आपली खूण ठोकून तो निघून गेला असेल, तर तो व्यवसायाच्या शिस्तीचा भंग आहे. आधीच्या मोजणीदाराशी बोलणे, त्याचा आधार समजून घेणे आणि तरीही मतभेद राहिला तर तो नकाशावर लिहिणे ही किमान रीत आहे. ती न पाळल्यामुळे एकाच कोपऱ्यावर तीन-तीन लोखंडी सळया उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यातली प्रत्येक सळई मिलिमीटरपर्यंत अचूक होती.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून एका ज्येष्ठ मोजणीदाराच्या हाताखाली शिकतो आहे. ट्रॅव्हर्स, म्हणजे कोन व अंतरे मोजत फेरी मारून आरंभाच्या बिंदूला परत येणारी मोजणी, बंद होत नव्हता तेव्हा त्यांनी मला क्षेत्रवहीतला एक कोन 'थोडा बसवून' घ्यायला सांगितले. शेवटी गणितात चूक वाटून टाकायचीच असते, मग वहीतच दुरुस्त केली तर काय बिघडले, असे त्यांचे म्हणणे आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. तुमच्या ज्येष्ठांचा अनादर न करता तुम्ही हे नाकारावे.

समायोजन, म्हणजे चूक नियमाने वाटून देणे, आणि बनवाबनवी यांतला फरक आकड्यांत दिसत नाही, तो नोंदीत दिसतो. समायोजनात मूळ निरीक्षण जसेच्या तसे राहते, त्याला किती दुरुस्ती दिली हे शेजारी दिसते आणि ती कोणत्या नियमाने दिली हे कोणालाही पडताळता येते. फ्रेंच गणिती लजांद्र याने १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेली लघुतम वर्गांची रीत (दुरुस्त्यांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारी) याचसाठी आहे, आणि सर्व निरीक्षणे प्रामाणिक आहेत या गृहीतकावरच ती उभी आहे. वहीतला कोन 'बसवला' की चूक कोठे झाली याचा मागच नाहीसा होतो. पुढे तो ट्रॅव्हर्स कागदावर सुंदर बंद होतो, आणि कोठल्या टोकावर यंत्र नीट केंद्रित झाले नव्हते हे कोणालाही कधीच कळत नाही.

या बाबतीत प्येर मेशँ या फ्रेंच ज्योतिर्विदाची गोष्ट प्रत्येक शिकाऊ मोजणीदाराला ठाऊक असावी. मीटरची लांबी ठरवण्यासाठी १७९२ ते १७९८ या काळात दलांब्र हा दुसरा ज्योतिर्विद आणि मेशँ यांनी डंकर्क ते बार्सिलोना ही मध्यान्हरेषा मोजली. दक्षिणेचा भाग मेशँकडे होता. त्याने बार्सिलोनाजवळच्या माँटज्युइक किल्ल्यावरून अक्षांश काढला, नंतर शहरातल्या एका खाणावळीतून पुन्हा काढला, आणि दोन्ही जागांमधले अंतर हिशेबात घेतल्यावर सुमारे ३ विकलांचा मेळ बसेना. जमिनीवर ही तफावत जवळजवळ शंभर मीटरची होती. मेशँ कमालीचा काटेकोर माणूस होता, आणि बहुधा म्हणूनच त्याला ही विसंगती सोसवली नाही. ती त्याने सहकाऱ्यांपासून लपवली आणि पुढची वर्षे मनस्तापात काढली. तेच माप पुढे वाढवण्यासाठी तो पुन्हा स्पेनला गेला आणि १८०४ मध्ये तेथेच वारला. त्याचे कागद हाती आल्यावर दलांब्रला खरा प्रकार कळला. त्याने ती निरीक्षणे नष्ट केली नाहीत, तर आपल्या टिपांसह पॅरिसच्या वेधशाळेत जपून ठेवली.

मेशँचे दुर्दैव असे की त्याची निरीक्षणे स्वतःत फार सुसंगत होती. एकाच जागेवर पुन्हा पुन्हा घेतलेले वाचन एकमेकांशी जुळते म्हणून ते सत्याशीही जुळेल, असे नसते. सातत्य आणि अचूकता यांतला हा भेद त्या काळी कोणाच्याच मनात स्पष्ट नव्हता. त्याने विसंगती उघड केली असती, तर कदाचित तो भेद लवकर उमगला असता.

तुमच्या वहीसाठी रीत साधी आहे. नोंद शाईने आणि जागेवरच करावी, घरी जाऊन आठवून करू नये. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारून तो वाचता येईल असा ठेवावा, खरा आकडा वर लिहावा, आद्याक्षर व तारीख टाकावी. खाडाखोड केलेल्या वहीपेक्षा रेघा मारलेली वही कधीही अधिक विश्वासार्ह. एखादे निरीक्षण वगळायचे असेल तर खुशाल वगळा, पण कारण लिहून वगळा. आणि ट्रॅव्हर्स बंद झाला नाही तर पुन्हा रानात जा. वेळ जातो, पण दुसरा प्रामाणिक मार्ग नाही.

शिवाय ट्रॅव्हर्स चांगला बंद झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. हजार मीटरच्या फेरीत ५ सेंटीमीटर तफावत, म्हणजे वीस हजारांत एक, हा आकडा ऐकायला चांगला आहे. पण सगळ्या बाजू एकाच प्रमाणात लांब किंवा आखूड मोजल्या गेल्या, तर आकृती तरीही बंद होते. पोलादी टेप दर अंश सेल्सिअसला सुमारे ११.६ दशलक्षांश या प्रमाणात प्रसरण पावते. तिचे प्रमाण तापमान २० अंश असेल आणि तुम्ही ४० अंशांत काम करत असाल, तर ५० मीटरमागे जवळपास १२ मिलिमीटरची चूक होईल आणि तफावतीत तिचा मागमूसही दिसणार नाही. ती पकडायला स्वतंत्र तपासणीच लागते : ज्ञात लांबीच्या आधाररेषेवर टेप किंवा यंत्र ताडून पाहणे, किंवा फेरीच्या बाहेरच्या एखाद्या विश्वसनीय बिंदूला जोडून घेणे.

प्रश्न : आमच्या आरटीके (जवळच्या ज्ञात केंद्राच्या आधाराने लगोलग दुरुस्त होणाऱ्या) जीपीएसच्या पडद्यावर १ सेंटीमीटर अचूकता दिसते. मग पुन्हा तपासणीची गरज काय?

उत्तर : पडद्यावरचा आकडा हा यंत्राचा स्वतःविषयीचा अंदाज आहे. झाडाखाली किंवा भिंतीलगत उपग्रहाचा संकेत परावर्तित होऊन आला, तर यंत्र चुकीच्या उत्तरावरही तितक्याच आत्मविश्वासाने ठाम राहू शकते. म्हणून महत्त्वाचा बिंदू दोनदा घ्यावा, आणि दुसऱ्यांदा काही वेळ जाऊ देऊन घ्यावा, कारण आकाशातली उपग्रहांची मांडणी तोपर्यंत बदललेली असते. कामाच्या आरंभी आणि अखेरीस एखादा ज्ञात बिंदू ताडून पाहावा. दांड्याच्या बुडबुड्याकडेही लक्ष द्यावे : दोन मीटरचा दांडा एका अंशाने कलला तर टोक साडेतीन सेंटीमीटर सरकते, आणि पडद्याला त्याची गंधवार्ता नसते.

यापेक्षा मोठ्या चुका मात्र समजुतीच्या असतात. जीपीएस मूळची उंची देते ती एका गणिती लंबगोलापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. या दोहोंतला फरक हिंद महासागरात शंभर मीटरच्याही पुढे जातो. पाणी कोणीकडे वाहील हे त्या कच्च्या उंचीवर ठरवणारा अडचणीत येईल. तसेच यूटीएम या पृथ्वीचे पट्टे पाडून आखलेल्या नकाशा-जाळीत प्रत्येक पट्ट्याच्या मध्यवर्ती रेखावृत्तावर प्रमाण ०.९९९६ असते, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर जाळीवर ४० सेंटीमीटरने आखूड दिसतो. नकाशावर अंतर लिहिताना ते जमिनीवरचे आहे की जाळीवरचे हे न लिहिणे हा आमच्या व्यवसायातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग पडणारा आळस आहे.

प्रश्न : मोजणीची फी मी भरली, तरी मोजणीदार शेजाऱ्याशी बोलायला गेला. हा माझ्याशी द्रोह नाही का?

उत्तर : नाही. तुम्ही फी दिली ती कामाची, रेषेची नव्हे. हद्दीला नेहमी दोन बाजू असतात, आणि लगतधारकाकडची जुनी कागदपत्रे, वहिवाटीची माहिती व त्याच्या बाजूची खूण न पाहता ठरवलेली रेषा पहिल्याच वादात कोसळते. तुमच्या खासगी गोष्टी त्याने बाहेर नेऊ नयेत, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. जमीन जास्त निघाली तर फी जास्त, असा करार कोणी पुढे केला तर त्या मोजणीदाराला दारातूनच परत पाठवावे.

प्रश्न : आता मी रानात जात नाही, सहायक मोजतात आणि मी नकाशावर सही करतो. यात गैर काही आहे का?

उत्तर : सहायकांनी मोजणे गैर नाही, सर्वत्र तसेच चालते. प्रश्न तुमच्या सहीच्या अर्थाचा आहे. काम कसे करायचे हे तुम्ही आधी ठरवून दिले होते का, कोणत्या खुणा ग्राह्य धरायच्या हा निर्णय तुमचा होता का, आणि मूळ क्षेत्रवही तुम्ही स्वतः पानागणिक वाचली का? तिन्हींचे उत्तर होय असेल तर सही तुमची आहे. केवळ संगणकातून निघालेला सुबक नकाशा पाहून सही होत असेल तर पुढच्या कामापासून थांबा, कारण उद्या न्यायालयात 'हा दगड तुम्ही पाहिला होता का' असे विचारले जाईल तेव्हा उत्तर सहायकाला नव्हे, तुम्हाला द्यावे लागेल. निदान वादाचा कोपरा असेल तेथे तरी स्वतः जावे.