नाशिकमध्ये मुलीसोबत मॉडेल रॉकेट बनवून उडवायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत आहे, व्हिडिओ बघून रॉकेटचा हट्ट धरून बसलीय, आणि घरात हत्यारं म्हणाल तर एक पेचकस. मी अंबडला टूलरूममध्ये नोकरी करतो आणि बारा-तेरा वर्षं रविवारच्या सकाळी हाच उद्योग करतो, म्हणून सरळ सांगतो: आधी ग्लायडर करा, म्हणजे बिनइंजिनाचं, हाताने फेकायचं विमान. रॉकेट दोन महिन्यांनी, तेही पाण्याचं.

ती रुसेल, तेव्हा कारण नीट सांगा. व्हिडिओतलं रॉकेट म्हणजे पुठ्ठ्याची नळी, आणि आत विकत आणलेली, एकदाच वापरायची मोटर. तिच्यावर ए८-३ असं काहीतरी छापलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण जोर. ए म्हणजे १.२६ ते २.५ न्यूटन-सेकंद, बी त्याच्या दुप्पट, सी आणखी दुप्पट. मधला आकडा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा म्हणजे जळण संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकेपर्यंतचे सेकंद. नेब्रास्कात बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये असं पहिलं रॉकेट केलं. पुढे तो छंद पसरला त्याचं मोठं कारण हेच, की पोरं घरी नळीत दारू ठासून हातपाय गमावत होती आणि त्यांना तयार, सुरक्षित मोटर हवी होती. आपल्याकडे ती मोटर वहीसारखी दुकानातून उचलून आणता येत नाही, मामला स्फोटकांच्या कायद्यात जातो. आणि दिवाळीचा बाण फोडून त्यातली दारू काढायची कल्पना तिच्या किंवा तुमच्या डोक्यात आली असेल, तर ती तिथेच सोडा. यावर मी वाद घालत नाही.

आता ग्लायडर. बाल्सा लाकूड ऑनलाइन मागवावं लागेल. पट्टी साधारण १० सेंटीमीटर रुंद आणि ९० लांब येते. पंखाला ५ मिलिमीटर जाडीची, शेपटीला दीड मिलिमीटरची. नाकापासून शेपटीपर्यंतच्या दांडीला सुतारकामातली पाइनची सरळ पट्टी चालते. पंख ४५ सेंटीमीटर लांब, ९ रुंद, लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेने. शेपटीचा आडवा पंख मोठ्या पंखाच्या पाव क्षेत्रफळाएवढा पुरतो. मोठा पंख मधोमध कापून दोन्ही टोकं चारेक सेंटीमीटर वर येतील असं इंग्रजी व्हीसारखं चिकटवायचं. एक पंख खाली गेला की तोच जास्त उचल घेतो आणि विमान आपोआप सावरतं. पंख दांडीला फेव्हिकॉलने चिकटवा आणि रात्रभर हात लावू नका. मुलांना हे सगळ्यात अवघड जातं. मलाही जातं.

कटरने कापणं वीस मिनिटांचं काम. खरं काम पॉलिश पेपरचं. १२० नंबरने पंखाचा वरचा भाग घासायचा: पुढची कड गोल, सगळ्यात जाड भाग पुढून एक तृतीयांशावर, मागे निमुळतं होत जवळजवळ पोस्टकार्डाएवढं पातळ. मग २२०, मग ४००. कागद बोटांनी धरू नका, लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, नाहीतर बोटांच्या खळग्या पंखावर उमटतात. डोळे मिटून अंगठा फिरवला की उंचवटा कळतो, डोळ्यांना कळत नाही. तोंडाला रुमाल बांधा, बाल्साची धूळ घशात बसते.

आणि इथेच रंगाची गोष्ट येते, कारण माझं पहिलं ग्लायडर मी रंगानेच मारलं. घरात उरलेला लाल ऑइल पेंट होता, दोन हात मारले, शेपटीला हौसेने तिसरा. झालं भारी देखणं. फेकलं की नाक वर करून उभं राहायचं आणि शेपटीवर बसायचं. काट्यावर ठेवलं तर २२ ग्रॅमचं ३१ झालेलं. हिशोब सोपा आहे. शेपटी तोलबिंदूपासून ३० सेंटीमीटर मागे आणि नाक १० सेंटीमीटर पुढे असेल, तर शेपटीवरच्या १ ग्रॅम रंगासाठी नाकात ३ ग्रॅम वजन भरावं लागतं. मी भरत गेलो. शेवटी ते विमान राहिलं नाही, लाल रंगाचा दगड झाला.

म्हणून फर्निचरला पॉलिश करणारे वापरतात तो सँडिंग सीलर हार्डवेअरच्या दुकानातून छोटा डबा आणा. निम्म्याला निम्मा थिनर घालून पातळ करा, एक हात द्या, वाळल्यावर ४०० नंबरने हलकेच घासा, मग दुसरा हात, बस. खिडक्या उघड्या, गॅस बंद, हे काम मोठ्यांनी करायचं. दोन्ही बाजूंना एकाच बैठकीत लावायचं. एकाच बाजूला लावलं तर वाळताना ती बाजू आखडते आणि पंख पापडासारखा वळतो. वळलाच तर किटलीच्या वाफेवर धरून उलटा पिळा आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवा. रंग हवाच असेल तर स्केच पेनने रेघा काढू द्या. तिचं नाव आणि तुमचा फोन नंबर मात्र नक्की लिहा, पुढे उपयोगी पडतो.

(थर्माकोलचं केलंत तर सीलर, थिनर, स्प्रे पेंट, फेव्हिक्विक यातलं काहीही जवळ आणू नका. बघता बघता वितळतं.)

उडवण्याआधी पंखाखाली दोन्ही बाजूंना, पुढच्या कडेपासून ३ सेंटीमीटर मागे, बोटाची टोकं लावून विमान तोला. सपाट राहीपर्यंत नाकाला क्ले लावत जा. मग गवतावर उभं राहून खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून, भाल्यासारखं सरळ सोडायचं. वर भिरकावायचं नाही. पहिले वीस-तीस फेक नुसते असेच. नाक वर, मग धप्प, पुन्हा वर, असे हेलकावे घेतले तर नाकाला क्ले वाढवा. सरळ जमिनीत घुसलं तर क्ले कमी करा, किंवा शेपटीची मागची कड फुंकर मारून ओलसर करा आणि केसभर वर वाकवा. एका वेळी एकच बदल. पतंग एका बाजूने गोते खायला लागला की आपण दुसऱ्या बाजूला कागदाची शेपटी लावतो. इथे विमान एका बाजूला कललं तर त्या शेपटीऐवजी दुसऱ्या पंखाच्या टोकाला मटाराएवढी क्ले. फेक आणि बदल मुलीला वहीत लिहायला लावा. माझी भाची लिहायची. तिच्या वहीत ‘१७वा फेक, काका चुकले’ अशी नोंद आहे.

वेळ सकाळची, साडेसहा ते साडेआठ. हिवाळ्यात निफाडकडून थंडी अशी येते की क्लेसुद्धा दगड होते, पण हवा स्थिर असते. दहानंतर नांगरलेली शेतं तापतात, गरम हवा वर चढायला लागते. घारी पंख न हलवता गोल फिरताना दिसल्या की समजा तिथे वर जाणारी हवा आहे. नीट बसवलेलं ग्लायडर त्यात शिरलं तर परत येत नाही. संक्रांतीच्या आसपासचे पंधरा दिवस मी उडवतच नाही. झाडांवर, तारांवर मांजा लोंबत असतो, आणि बंदी असली तरी नायलॉनचाही असतो.

जागा निवडताना एवढं पाहा: ओझरला एचएएल आणि विमानतळ, गांधीनगरला लष्कराचं विमानदळ, देवळालीला तोफखाना. या तिन्हींच्या जवळ काहीही हवेत सोडू नका, हातातलं ग्लायडरसुद्धा. पुढे रिमोटचं विमान घेतलंत तर २०२१ चे ड्रोन नियम लागू होतात, तेव्हा आधी डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा लाल रंगात नाही ना ते पाहायचं.

पाण्याच्या रॉकेटबद्दल थोडक्यात. सोड्याची किंवा कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या, मिनरल वॉटरची नको, ती दाब सोसत नाही. एक तृतीयांश पाणी, घट्ट बूच, बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह (पंक्चरवाला जुन्या ट्यूबमधून कापून देतो), आणि पायपंप. बूच जोर लावूनच बसेल असं घ्या आणि पंप लांब नळीचा, कारण बूच कधी सुटेल ते बाटली ठरवते. दाब ५० पीएसआयच्या पुढे नको, सगळे आठ-दहा पावलं मागे, आणि कोणीही वाकून बघायचं नाही. पंखे पुठ्ठ्याचे, टेपने लावलेले. गरम गोंदाने बाटली कमजोर होते. बाटलीचा बूड पुढे राहतो, त्यावर क्लेचं वजन. रिकामं रॉकेट तोलबिंदूला दोरी बांधून डोक्यावर गोल फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ते सरळ जाईल. उलटं किंवा आडवं फिरलं तर नाकाला वजन वाढवा किंवा पंखे मोठे करा. बाटलीवर खोल ओरखडा दिसला की ती भंगारात.

फोन नंबरचं राहिलं. गिरणारेच्या बाजूला एका जानेवारीत माझं सगळ्यात चांगलं ग्लायडर घारींच्या मागे गेलं ते गेलंच. तिसऱ्या दिवशी फोन आला. ‘भाऊ, तुमचं इमान आमच्या बागेत तारंवर बसलंय. काढू का तुम्ही येता?’ गेलो. माल तयार झालेली द्राक्षांची बाग होती, घड कागदात गुंडाळलेले. दादांनी मला बांधावरच थांबवलं, स्वतः मांडवाखाली वाकत गेले आणि दोन बोटांत धरून ते घेऊन आले. पंखाला ओरखडासुद्धा नव्हता. मग विचारलं, ‘याला इंजिन कुठंय?’ नाही म्हटल्यावर त्यांनी ते माझ्याकडे दिलंच नाही. बांधावर उभं राहून आधी स्वतः चार वेळा फेकून पाहिलं.