सिंगापूरमध्ये लिटल इंडिया, चायनाटाउन आणि कॅम्पाँग ग्लाम एका दिवसात मेट्रोने होईल का?

आरामात होईल, फक्त क्रम चुकवू नका. देवळं दुपारी काही तास बंद असतात, म्हणून ती सकाळीच करा.

साडेआठला लिटल इंडिया स्टेशन. टेक्का सेंटरमध्ये नाश्ता, मग सेरांगून रोडवरचं वीरमाकाळीअम्मन देऊळ. परत लिटल इंडिया स्टेशनला येऊन जांभळ्या नॉर्थ ईस्ट लाइनने तिसरं स्टेशन चायनाटाउन. तिथलं १८२७चं श्री मारिअम्मन हे शहरातलं सर्वांत जुनं हिंदू देऊळ. बाराच्या आत पोहोचा आणि भिंतीवर बसलेल्या गायी पाहा. जेवण मॅक्सवेल फूड सेंटरला. जेवून झाल्यावर ट्रे स्वतः परत ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो.

मग चायनाटाउनहूनच निळ्या डाउनटाउन लाइनने पाचवं स्टेशन बुगिस, पुढे दहा मिनिटं चालत कॅम्पाँग ग्लाममधली सुलतान मशीद. घुमटाच्या तळाशी काळा पट्टा दिसतो ना, ती काचेच्या बाटल्यांची बुडं आहेत. गरिबांनाही बांधकामाला हातभार लावता यावा म्हणून त्यांच्याकडून घेतलेली. हे बघायला तरी जाच! शुक्रवार मात्र टाळा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. संध्याकाळी जवळच मुर्तबाक (सारण भरलेला पराठा) खा.

वेगळं तिकीट लागत नाही, काँटॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड गेटवर टेकवा. माणशी एक कार्ड. आत जाताना तेच कार्ड जोडलेला फोन आणि बाहेर पडताना कार्ड टेकवलं तर ते दोन वेगळे प्रवास धरले जातात आणि जास्त पैसे कापले जातात. गाडीत पाणीसुद्धा पिऊ नका, दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत आहे.