नव शापेल हे फ्रान्समधले गाव कोठे आहे आणि खडकीच्या सॅपर्सशी त्याचा काय संबंध आहे?

खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाचा, इतिहास वाचताना आपल्याला हे नाव भेटले, असे आपण लिहिले आहे. नव शापेल हे उत्तर फ्रान्समधील पा-द-काले जिल्ह्यातले, बेतून आणि लील या शहरांच्या दरम्यानचे लहानसे गाव आहे. नावाचा अर्थ ‘नवे प्रार्थनामंदिर’. त्यातला ‘नव’ हा आपल्या ‘नव’ शब्दाचा दूरचा भाऊबंदच.

या गावाचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी तिथली जमीन पाहावी लागते. लिस नदीच्या खोऱ्यातला हा मुलूख चिकणमातीचा आणि तळहातासारखा सपाट आहे. थोडे खणले की पाणी लागते, म्हणून शेताशेताच्या कडेने पाण्याचे चर काढलेले असतात. पूर्वेला ओबेरचा उंचवटा आहे. आपण सह्याद्रीकडची माणसे त्याला टेकाडही म्हणणार नाही, पण एवढ्या सपाटीवर तेवढी उंची ज्याच्या हाती, त्याला सगळा परिसर दिसतो. पहिल्या महायुद्धात खंदक पाण्याने भरत असल्यामुळे सैनिकांना जमिनीवर मातीच्या पोत्यांच्या भिंती रचून त्यांच्या आडोशाने हिवाळा काढावा लागला.

ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मनांनी गाव घेतले. २८ ऑक्टोबरला ४७ वी शीख पलटण आणि सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या गावात घुसल्या आणि घराघरांतून संगिनींनी लढल्या. मूळ काम पूल बांधण्याचे आणि सुरुंग लावण्याचे असलेल्या या माणसांना त्या दिवशी पायदळ म्हणून पुढे पाठवले गेले. कुमक न आल्याने त्यांना मोठी हानी सोसून मागे यावे लागले. खडकीहून निघालेल्या या तुकड्यांत मराठेही होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते, याची मला खंत वाटते.

१० मार्च १९१५ रोजी पस्तीस मिनिटांच्या तोफमाऱ्यानंतर ब्रिटिश आणि भारतीय सैन्याने गाव जिंकले, पण तीन दिवस झुंजूनही ओबेरचा उंचवटा हाती आला नाही. भारतीय दळाचे सुमारे ४,२०० जण मृत, जखमी वा बेपत्ता झाले. युद्धात गावाचा पार चुराडा झाला. आजची घरे नंतरची आहेत.

गावाच्या नैऋत्येला, ला बासेच्या रस्त्यावरील चौकात, १९२७ साली उभारलेले भारतीय स्मारक आहे. वर्तुळाकार आवाराला सांचीच्या धर्तीवर दगडी कठडा असून मध्ये सुमारे १५ मीटर उंचीचा स्तंभ आहे. आतील भिंतीवर ४,७०० हून अधिक नावे कोरली आहेत. ज्यांची कबर सापडली नाही अशांचीच ही नावे असून, त्यांत सॅपर्सचीही आहेत.