गॅलरीवरचं आग्या मोहोळ

प्रश्न: साताऱ्यात शाहूपुरीत राहतो, चौथ्या मजल्याच्या गॅलरीवर स्लॅबला मोहोळ लागलंय, सोसायटीवाले म्हणतात रात्री टेंभा लावून जाळून टाकू. काय करू?

उत्तर: जाळू बिळू नका हो, खवळलेल्या माश्या शेजाऱ्यांच्या घरात शिरतील आणि आगीची भीती वेगळीच. आधी नीट बघा, पण लांबूनच. उघड्यावर एकच मोठं पोळं लोंबतंय आणि जवळ काही हललं की माश्यांची लाट सर्रकन फिरते, तर ते आग्या मोहोळ, ह्या माश्या पेटीत राहत नाहीत पण फुलोरा संपला की बहुतेक वेळा आपणच उठून जातात, तोवर गॅलरीचं दार बंद आणि रात्री तिथला लाईट बंद ठेवा. भिंतीच्या पोकळीत किंवा मीटरच्या पेटीत एकाशेजारी एक अशी बरीच पोळी असतील तर त्या सातेरी जातीच्या माश्या, त्या जाणकार माणूस पेटीत घालून नेतो. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथं विचारा. माश्या गेल्यावर मेण खरवडून काढा, वासाने पुन्हा येतात. आणि कुणाला चावल्यावर दम लागला, तोंड सुजलं तर चुना लावत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.