परदेशी रणांगणावर कामी आलेले आपले जवान : वाचकांचे प्रश्न

पहिल्या महायुद्धात किंवा श्रीलंकेत कामी आलेल्या घरातील तरुणाची आठवण कशी जपावी, अशी विचारणा सातत्याने होते आणि तिच्यातील गोंधळही बहुधा तोच असतो. म्हणून निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : पणजोबांचे धाकटे भाऊ ऐन विशीत ‘बसऱ्याला गेले’, असे घरात सांगतात. त्यांची समाधी तेथे असेल का?

उत्तर : बसरा हे आजच्या इराकमधील, फौजा उतरण्याचे बंदर होते. प्रत्यक्ष मृत्यू अन्यत्रही झालेला असू शकतो; उदाहरणार्थ, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात इराकमधील कूत शहराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. बसरा स्मारक 40 हजारांहून अधिक मृतांचे आहे, परंतु त्यावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांची केवळ संख्या. महायुद्धांतील मृत सैनिकांच्या समाधी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशन या आयोगाच्या 2021 च्या अहवालाने हा भेदभाव मान्य केला आहे. तेव्हा भिंतीवर नाव नाही, म्हणून घरातली हकिकत खोटी ठरवू नका.

प्रश्न : त्यांच्या अस्थी आणता येतील का?

उत्तर : नाही.

प्रश्न : एक गृहस्थ पैसे घेऊन ‘अधिकृत नोंद’ मिळवून देतो म्हणतात.

उत्तर : देऊ नका. आयोगाच्या संकेतस्थळावर शोध विनामूल्य घेता येतो.

प्रश्न : घरात एक काळवंडलेली ब्राँझची गोल तबकडी आणि एक पदक आहे. सराफ पॉलिश करून विकत घ्यायला तयार आहेत.

उत्तर : कृपा करून त्यांना हातही लावू देऊ नका. ती तबकडी ब्रिटिश सरकारने मृत सैनिकाच्या वारसास दिलेली असते आणि तिच्यावर हुद्दा न घालता फक्त नाव असते. पदकाच्या कडेवर मात्र क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि एकाच नावाचे अनेक शिपाई असताना आपला माणूस ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा धागा बहुधा तोच असतो. पॉलिशने नेमकी ती कड झिजते. ‘चकाकी आली की किंमत वाढते’ हे विकणाऱ्याचे बोलणे आहे; जाणकार संग्राहक घासलेल्या पदकाला कमीच लेखतो. शिवाय तबकडी एका भावाकडे आणि पदक दुसऱ्याकडे, अशी वाटणी झाली की पुढच्या पिढीला त्यांचा परस्परसंबंधच उरत नाही. आजच कडेचे स्पष्ट छायाचित्र घ्या, घरातील वृद्धांकडून गाव, तालुका आणि वडिलांचे नाव लिहून घ्या (कारकुनांनी इंग्रजीत ‘जाधव’ नाना तऱ्हांनी लिहिले आहे), आणि स्वच्छतेविषयी वस्तुसंग्रहालयातील तज्ज्ञांना विचारा. हे काम दिवाळीनंतर करू म्हणणाऱ्या घरांत सांगणारे माणूसच राहत नाही.

प्रश्न : मामा 1987 मध्ये भारताच्या शांतिसेनेत असताना श्रीलंकेत हुतात्मा झाले. गावात स्मारक उभारायचे आहे.

उत्तर : दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकातील त्यागचक्रात, म्हणजे हुतात्म्यांची नावे कोरलेल्या वर्तुळाकार भिंतींवर, अशा जवानांची नावे आहेत, तेथील नोंद आधी पाहा. तारीख आणि हुद्दा ऐकीव माहितीवरून कोरू नका. त्यांच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाशी, तसेच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी पत्रव्यवहार करा. त्याआधी मामांच्या आईला, म्हणजे आपल्या आजींना विचारा, कारण चौकातला पुतळा त्यांना नकोही असेल.