क्रेडिट कार्डावर मी न केलेला 46,800 रुपयांचा व्यवहार झाला आणि बँक म्हणते आधी बिल भरा. काय करू?

तुम्ही लिहिलंय त्यानुसार, गुरुवारी रात्री परदेशी वेबसाइटवर 46,800 रुपये गेल्याचा एसएमएस आला. ओटीपी आलाच नव्हता. शुक्रवारी सकाळी तुम्ही फोन करून कार्ड ब्लॉक केलंत. कार्डाची मर्यादा 2 लाख. कस्टमर केअर म्हणतं 'डिस्प्यूट' नोंदवलाय, निकाल लागेपर्यंत 59,150 रुपयांचं पूर्ण बिल भरा.

पूर्ण बिल भरू नका. तुमची स्वतःची खरेदी 12,350 रुपयांची आहे, तेवढी मुदतीच्या आत भरा. पण त्याआधी दोन कामं आजच उरका.

पहिलं काम म्हणजे ऑटो-डेबिट तपासा. 'टोटल अमाउंट ड्यू' असा पर्याय निवडलेला असेल तर देय तारखेला बचत खात्यातून सगळे 59,150 रुपये आपोआप जातील आणि मग ते परत मिळवण्यासाठी तुम्हालाच हेलपाटे घालावे लागतील. तो बंद करा किंवा 'मिनिमम'वर आणा. हा बदल बऱ्याच बँकांत लगेच लागू होत नाही, त्यामुळे शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. तक्रार कोणत्या प्रकारात नोंदली गेली आहे ते विचारा. दुकानदाराने माल पाठवला नाही किंवा पैसे दोनदा कापले, तर तो वाद, म्हणजे 'डिस्प्यूट'. मग बँक कार्ड नेटवर्कमार्फत व्यापाऱ्याकडे पैसे मागते आणि त्याला वेळ लागतो. तुमच्या बाबतीत व्यवहार तुम्ही केलेलाच नाही, म्हणजे तो अनधिकृत व्यवहार आहे. त्याला रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारा नियम घालून दिलाय. फोनवरचे प्रतिनिधी सर्रास दोन्ही एकाच खान्यात टाकतात आणि लोक महिनोन्महिने ताटकळत बसतात.

त्या नियमानुसार चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, कार्डाच्या माहितीची गळती तिसरीकडेच झाली, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलंत तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवलं तर 5 लाखांपर्यंत मर्यादेच्या कार्डाला जास्तीत जास्त 10,000 रुपये आणि त्यावरच्या कार्डाला 25,000. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर अवलंबून. बँकेचा हलगर्जीपणा असेल तर कधी कळवलं याला महत्त्व नाही, जबाबदारी शून्यच. दिवस मोजताना संदेश आला तो दिवस धरत नाहीत आणि बँकेच्या सुट्ट्याही धरत नाहीत. गुरुवारी रात्री एसएमएस आला, तर शुक्रवार पहिला दिवस. दुसरा शनिवार असेल तर तो आणि रविवार वगळून सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. तुम्ही पहिल्याच दिवशी कळवलंय, म्हणजे तुमची बाजू भक्कम आहे.

फक्त ते कागदावर हवं. बँकेच्या तक्रारीच्या ईमेलवर एवढं लिहा: 'माझ्या कार्डावरील अमुक तारखेचा 46,800 रुपयांचा व्यवहार मी केलेला नाही. मी ओटीपी, पिन किंवा सीव्हीव्ही कोणालाही दिलेला नाही. शुक्रवारी अमुक वाजता फोनवर कळवले, तक्रार क्रमांक अमुक. ही रक्कम 10 कामकाजी दिवसांत तात्पुरती जमा करावी.' सोबत एसएमएस आणि कॉल लॉगचे स्क्रीनशॉट जोडा. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करून तिची पोचही लावा.

ती तात्पुरती जमा हा तुमचा हक्क आहे. कळवल्यापासून 10 कामकाजी दिवसांत बँकेने रक्कम खात्यावर जमा करायची आणि तीही व्यवहाराच्याच तारखेपासून धरायची, म्हणजे मधल्या काळाचं व्याज तुमच्यावर पडत नाही. व्यापाऱ्याकडून पैसे आले की नाही, विम्याचा दावा मिटला की नाही, यासाठी थांबायची मुभा बँकेला नाही. अंतिम निकाल 90 दिवसांत लागला पाहिजे. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवर आहे. 'व्यवहार सुरक्षित पद्धतीने झालाय' एवढंच उत्तर आलं तर ओटीपी कोणत्या क्रमांकावर, किती वाजता गेला याचा तपशील लेखी मागा. मात्र कोणाला ओटीपी सांगितला असेल किंवा सांगण्यावरून फोनवर एखादं अॅप टाकलं असेल, तर ते लपवू नका. तेव्हा कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं असतं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

पुढचं स्टेटमेंट बारकाईने वाचा, घोळ तिथेच होतो. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार ग्राहकाने फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत कोणतंही शुल्क लावता येत नाही. पण रक्कम बँकेच्या प्रणालीत तशी नोंदलेली नसेल, तर 12,350 रुपये भरूनही तुम्ही 'अर्धवट भरणा' करणारे दिसता. दरमहा 3.5 टक्के धरले तरी 46,800 वर महिन्याला 1,638 रुपये व्याज, वर 18 टक्के जीएसटी, आणि नव्या खरेदीवरचा बिनव्याजी काळही जातो. असं दिसलं तर त्याच ईमेलच्या साखळीत ते व्याज आणि जीएसटी रद्द करायला सांगा. सिबिल अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, थकबाकी दिसू लागली तर दुरुस्तीची तक्रार करा. ती 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

कस्टमर केअरशी वाद घालत बसू नका. उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर बँकेच्या वेबसाइटवरून प्रिन्सिपल नोडल ऑफिसरचा (तक्रारींसाठी नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा) ईमेल शोधून तीच साखळी पुढे पाठवा. पहिल्या लेखी तक्रारीपासून 30 दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार-पोर्टलवर लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. बँकेला आधी लेखी कळवल्याचा पुरावा नसेल तर तक्रार तिथेच फेटाळली जाते, म्हणून मी ईमेलचा एवढा आग्रह धरतोय. तोच विषय ग्राहक आयोगात आधीच नेला असेल तर लोकपाल तो घेत नाही, त्यामुळे दोन्हीकडे एकदम धाव घेऊ नका.

तुम्ही शेवटी कार्ड कायमचं बंद करण्याचं विचारलंय. आत्ता नको. बंद करण्याच्या अर्जावर बँकेने सात कामकाजी दिवसांत कारवाई करायची असते आणि उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये तुम्हाला द्यायचे असतात, पण खात्यावर काही बाकी नसेल तरच. 46,800 अधांतरी असताना तो नियम तुमच्या कामाचा नाही. प्रकरण मिटल्याचं पत्र हातात आलं, शिल्लक शून्य दिसली की अर्ज टाका. तोवर बदली कार्ड आलं तर अॅपमध्ये परदेशी व्यवहारांचा पर्याय बंद ठेवा.