कामाच्या मावशी उचलही घेतात आणि सोन्याचे मणीही घेतात. गरिबांना बचत का जमत नाही?

तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दर महिन्याच्या वीस तारखेला उचल मागतात, आणि गेल्या महिन्यात त्यांनीच सोन्याचे दोन मणी केले, याचं तुम्हाला नवल वाटलंय. मला विचाराल तर ते दोन मणी हीच त्यांची बचत.

मी सोलापुरात बिडी वळणाऱ्या बाईच्या घरात वाढले. आई दिवसाला हजार बिड्या वळायची. माल देताना छाट, म्हणजे नापास केलेल्या बिड्या, निघाली की तेवढे पैसे गेले. पानं खराब आली की आठवड्याचा पगार निम्म्यावर. या आठवड्यात हातात किती पडणार हे तिला कधीच आधी ठाऊक नसायचं, मग महिन्याचा हिशेब मांडायचा कशावर?

तरी ती तीन ठिकाणी पैसे टाकायची: गल्लीतल्या बारा बायकांची भिशी, पिग्मी (दारावर येणाऱ्या एजंटकडे रोज थोडे थोडे पैसे भरायचे) आणि सोनं. घरातल्या डब्यात मात्र कधीच नाही. डब्यात पैसा आहे म्हटल्यावर दीर मागतो, शेजारीण मागते. शेजारणीचं पोर तापानं फणफणलेलं असताना नाही कसं म्हणणार? पुढच्या महिन्यात आपणच तिच्या दारात उभे असतो. "भिशी भरली गं, हातात काही नाही" असं सांगता यायचं, आणि ते खरंही असायचं.

पिग्मीचं म्हणाल, तर १९२८ साली डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेनं उडुपीकडे रोज दोन आणे गोळा करून ती सुरू केली, आणि आजही आपल्याकडे गावोगाव पिग्मी एजंट फिरतात. वीस रुपये भरायला बँकेत जायचं तर अर्ध्या दिवसाचं काम बुडतं. विजयवाड्याच्या वस्त्यांमध्ये तर बायका दारावर येणाऱ्या एका बाईकडे रोज ५ रुपये असे २२० दिवस भरायच्या आणि शेवटी १,००० रुपये परत घ्यायच्या. वरचे शंभर त्या बाईची मेहनत. बचत करायची आणि वर पैसेही मोजायचे! मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "रोज दारात येते ना? मग शंभर काय जास्त झाले?"

आमची पिग्मी ज्या पतसंस्थेत होती तिला एक दिवस कुलूप लागलं. सहा हजार अडकले ते अडकलेच. त्यानंतर आईचा भरवसा सोन्यावर. दर जूनमध्ये वह्या-पुस्तकं आणि फीसाठी मणी गहाण, आणि दिवाळीच्या सुमारास सोडवायचे. व्याज शेकडा तीन रुपये महिना, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. कॉलेजात गेल्यावर मी तिला हिशेब करून दाखवला, की विकून टाक, व्याज वाचेल. ती म्हणाली, "विकलेलं पुन्हा होत नाही. गहाण असलं की जिवाला घोर लागतो, म्हणून तरी सुटतं." तोवर मला वाटायचं की तिला व्याज कळत नाही. तिला स्वतःचं घर कळत होतं.

तिचा प्रत्येक निर्णय बरोबर असायचा असं मात्र नाही. ओढगस्तीत माणूस चुकतो. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या काही बौद्धिक चाचण्या ऊस तुटण्याआधी आणि नंतर घेतल्या होत्या. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी, म्हणजे पैशाची चणचण असताना, कमी गुण पडले आणि उसाचे पैसे हातात आल्यावर जास्त. मला हे वाचून आईचा एक जून आठवला. फीचे पैसे तिनं पदराला बांधून ठेवलेले होते आणि ती तारीखच विसरली. दंड बसला. रेशन, भाडं, व्याज यांतच तिचं डोकं दिवसभर अडकलेलं असायचं.

तुमच्या मावशींना वीस तारखेला लागतात ते पैसे त्यांनी पहिल्या तीन आठवड्यांत केलेल्या कामाचेच आहेत, हेही लक्षात घ्या. पगार महिन्यातून दोनदा दिला तर चालेल का, ते त्यांना विचारून बघा. दिवाळीचा बोनस जूनमध्ये हवा का, हेही विचारा. माझ्याकडे येणाऱ्या ताईंना मी विचारलं होतं. त्यांनी लगेच जून सांगितला.